आमच्या पट्ठ्याला पुन्हा जोड मिळवून देणाऱ्या डॉक्टर मॅडमना

माननीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका तालमीचा वस्ताद. पत्रं लिहायची सवय नाही. पण सोरायसिस या कातडीच्या आजारावरून पोराची बदनामी चारचौघांत झाली, तेव्हा तुमचे आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

पोरगा करवीर तालुक्यातला, ऊसवाल्याच्या घरचा. कोपरं, गुडघे, मान, सगळीकडं लाल चट्टे आणि वर पांढऱ्या खपल्या. तालमीत गजकर्ण काही नवं नाही. एकाच हौद्यात अंगाला अंग घासून लढायचं, मग एकाचं दुसऱ्याला लागणारच. बाकीच्या पोरांनी त्याच्याशी जोड धरायचं सोडलं, त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. गावात मात्र गोष्ट फारच पुढं गेली. "शेंडा पार्कात दाखवा," असं कुणीतरी त्याच्या आईला तोंडावर सांगितलं. शेंडा पार्क म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या माणसांना कुष्ठधामच आठवतं. त्या माउलीनं दोन दिवस चूल पेटवली नाही.

तुम्ही खपली खरवडून काचेवर घेतलीत, औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलीत. बुरशी नाही, म्हणजे गजकर्ण नाही. चट्ट्याला बधिरपणा नाही, म्हणजे कुष्ठरोगाची खूण नाही. मग नखं बघितलीत, तर त्यांवर बारीक बारीक खड्डे. "खरचटतं तिथंच नवा चट्टा उठतो का?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी चमकलो. धोबीपछाड मारताना कोपर सोललं की पंधरा-वीस दिवसांत तिथंच उठायचा, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. सोरायसिसची ही खूण कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८७२ सालीच लिहून ठेवली आहे, असं तुम्ही म्हणालात.

सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ च्या सुमारास मोडून काढली, हेही तुमच्याकडूनच कळलं. एवढी जुनी गोष्ट आमच्या गावात अजून पोचलेली नाही!

तुमचा अभ्यास याच आजारांवर चालतो, म्हणून असेल, पण तुम्ही घाई केली नाहीत. माणसाची कातडी महिनाभरात नवी होते, ती याच्या अंगावर चार-पाच दिवसांत होते, म्हणून खपल्यांचा ढीग. आणि याच्या मुळाशी घाण नाही, माती नाही. रोगाशी लढणारे शरीराचे राखणदारच घरच्या माणसांवर काठी उगारतात. हे कसं कळलं, ती गोष्ट मी आता तालमीत सगळ्यांना सांगतो: अवयवरोपणात याच राखणदारांना आवरायला देतात ते सायक्लोस्पोरिन, सोरायसिसबरोबर सांधेही धरलेल्या रुग्णांना देऊन बघितलं, तर त्यांचे चट्टेच विरायला लागले. १९७९ सालची गोष्ट. तोवर डॉक्टर मंडळी मुख्यतः कातडीतच दोष शोधत होती.

औषधाबद्दल तुम्ही जे बजावलंत ते फार मोलाचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून चिठ्ठीवर 'गुरुवार' असं लाल शाईनं लिहून दिलंत. मधेमधे रक्ताची तपासणी, दारूला हात नाही. आयएल-१७ हा शरीरातला दाह वाढवणारा निरोप्या अडवणारी नवी इंजेक्शनं निघाली आहेत हेही सांगितलंत, पण किंमत सांगून "आधी हे बघू" म्हणालात. ज्याच्या घरी कारखान्याच्या बिलावर वर्ष निघतं, त्याला हा हिशोब कळतो.

पण माझे खरे आभार आहेत ते तुम्ही तालमीत आलात त्याबद्दल. दवाखान्यात सांगून पोरांना पटलं नसतं. हौद्याच्या काठावर उभं राहून तुम्ही सांगितलंत, हा आजार शिवल्यानं होत नाही. आणि मग म्हणालात, आता बाकीच्यांनीही अंग दाखवा. याच्याशी जोड नको म्हणणाऱ्यांतल्याच दोघांना अस्सल गजकर्ण निघालं! दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब चोळून त्यांनी ते आणखी पसरवलं होतं. मला हसू आवरेना. त्या दोघांना तुम्ही बरे होईपर्यंत हौद्याबाहेर बसवलंत, आणि ज्याला बाहेर बसवलं होतं तो आत उतरला.

ट्यूबचं ऐकल्यापासून मी पोरांच्या पेट्या तपासतो. गोळ्या-इंजेक्शनातून स्टिरॉइड घेऊन एकदम बंद केलं तर सोरायसिस उसळून येतो, अंगभर पू भरलेले फोडही येऊ शकतात, हे तुमचं वाक्य भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

पट्ठ्याचे चट्टे फिकट झालेत, गेले नाहीत. तो आजार जन्माची सोबत करतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दाखवली नाहीत, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडतं. सकाळी बोटं आखडतात का, सांधे सुजतात का, तेही मी विचारत असतो. अजून तरी तसं काही नाही.

जत्रांची मैदानं सुरू व्हायच्या आत शेजारच्या दोन तालमींतही याल का? तिथल्या वस्तादांशी बोलून ठेवलंय. पोरं पहाटे पाचला उतरतात. तुम्हाला जमेल ती वेळ कळवा, मी गाडी पाठवतो.

आपला नम्र,
एक वस्ताद, कोल्हापूर