त्या रात्री मोजलेले २४ सेकंद

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या झोपेत अडणाऱ्या श्वासाचा विषय काढला की बाबा "मला काही झालेलं नाही" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहिते आहे. बाबा, पत्र शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीत मी तुमच्याच खोलीत खाली अंथरूण टाकलं होतं. तुमचं घोरणं ऐकू आलं की बाबा गाढ झोपलेत, असंच मी लहानपणापासून समजत आले. त्या रात्री दीडच्या सुमाराला ते घोरणं एकदम थांबलं. छाती वरखाली होत होती, पण नाकाशी हात धरला तर वारा लागेना. मोबाइलवर २४ सेकंद मोजले, तेव्हा कुठे तुम्ही गुदमरल्यासारखा मोठा श्वास ओढलात. पाचेक मिनिटांनी पुन्हा तेच. कोरोनात आणलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावलं. दिवसा ९३ दाखवणारा आकडा पहाटे ७८ वर उतरला होता. वळून पाहिलं तर आई जागीच. "मी हलवते गं त्यांना अधूनमधून," म्हणालीस. किती वर्षं हलवते आहेस, आई?

इथल्या छातीच्या डॉक्टरांना मी व्हिडिओ दाखवला. त्यांना स्लीप ॲप्नियाची दाट शंका आहे. झोपेत घसा सैल पडतो आणि हवेची वाट मिटते. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की एक खंड धरतात. श्वास थांबण्याचे आणि अर्धवट अडण्याचे प्रकार मिळून तासाला ३० झाले तर आजार गंभीर. धडधाकट माणसाच्या फुप्फुसात थोडी शिल्लक असते, ती त्याला तेवढा वेळ तारून नेते. बाबा, तुमची शिल्लक विडीने आणि सीओपीडीने, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या त्या जुनाट आजाराने, आधीच खाल्ली आहे, म्हणून तुमचा आकडा असा झरझर खाली येतो.

मला जास्त भीती वाटते ती मेंदूची. श्वास अडून जाग येते तेव्हा दर वेळी बीपी उसळतं. रात्री जे खाली उतरायला हवं, तेच चढत राहतं. तीन गोळ्या घेऊनही तुमचं बीपी ऐकत नाही, त्यामागे हेही असू शकतं. मागच्या वर्षी झटका येऊन गेला, डाव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही. दुसरा झटका मला येऊ द्यायचा नाही.

आई, त्यांचा श्वास अडला की तू ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरचा काटा एकवरून तीनवर नेतेस. मायेने करतेस, पण नको करूस. ऑक्सिजन वाढवून मिटलेला घसा उघडत नाही, आणि अशा फुप्फुसांत कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी त्यांचं डोकं जड होऊन दुखतं ते त्यामुळेही असेल. काटा डॉक्टरांनी सांगितला तिथेच राहू दे. बाबा, मेडिकलमधून अधूनमधून आणता ती झोपेची गोळी घेऊ नका. तिने घसा आणखी सैल पडतो आणि श्वास अडल्यावर जाग यायला उशीर होतो.

उपचारासाठी सीपॅप नावाचं मशीन मिळतं. ते ऑक्सिजन देत नाही, साधी हवाच दाबाने नाकातून सोडतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. ट्यूबमध्ये हवा असली की टायर बसत नाही, तसंच. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला मी काय वेगळं सांगणार! १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. मला तेव्हा तुम्हीच आठवलात. तुमच्या फुप्फुसांना हेच मशीन चालेल की दुसरं लागेल, ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने दोघंही या. बाबांना तपासणीसाठी एक रात्र इथल्या दवाखान्यात झोपायचं आहे, डोक्याला, छातीला आणि बोटाला तारा लावून. सुई नाही, भूल नाही. बाबांजवळ मी थांबेन. आई, तू माझ्या घरी झोपायचं. त्या रात्री श्वास मशीन मोजणार आहे.

तुमची,
ताई