नाव घासून पुन्हा कोरलेले पदक 'अस्सल' म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लिलाव विभाग

महोदय,

आपल्या लिलावात मी पहिल्या महायुद्धाचे चांदीचे 'ब्रिटिश वॉर मेडल' घेतले. वर्णन होते : '११० मराठा लाइट इन्फन्ट्री, कडेवर मूळ नाव, अस्सल.' पदक अस्सल आहे, पण कडेवर असते ते शिपायाचे नाव मूळचे नाही.

या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. नावाच्या जागेवरून व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) लावला की तो अर्ध्या मिलिमीटरने कमी भरतो. मूळ अक्षरे ठशाने दाबलेली, एकसारख्या खोलीची असतात. इथली हाताने कोरलेली आहेत, वरखाली नाचतात, आणि त्यांच्याखाली कानशीच्या रेघा भिंगातून स्वच्छ दिसतात.

आपल्या प्रतिनिधींचे उत्तर : 'शंभर वर्षांत कड झिजणारच.' झीज आधी उंचवट्यावर होते. इथे पंचम जॉर्जच्या दाढीचा केस न् केस शाबूत आहे, मागच्या घोडेस्वारालाही ओरखडा नाही. झिजली ती नेमकी नावाची जागा!

मी पदके शोभेसाठी घेत नाही. ११० वी पलटण आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ पासूनचा वेढा आणि उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि पुढे कैदेत कित्येकांनी प्राण सोडले. युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत अशा अनेक शिपायांच्या वडिलांचे नाव आणि गाव सापडते. तिथवर पोहोचायला कडेवरचा नंबर, नाव आणि पलटण, तिन्ही लागतात; कारण तोच नंबर दुसऱ्या पलटणीतही असतो. कूतशी नाते जोडले की भाव चढतो, म्हणून कुणीतरी एका खऱ्या शिपायाचे नाव कानशीने पुसले आहे. त्याचा माग आता कोण काढणार?

'सात दिवसांनंतर परतावा नाही' हा नियम मला सांगू नये. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेणे नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे.

लिलाव शुल्क आणि टपालखर्चासह पूर्ण रक्कम परत द्यावी. याच विक्रेत्याच्या आणखी दोन पदकांच्या फोटोंत अक्षरांचे तेच वळण दिसते. ती पदके तपासणी होईपर्यंत लिलावातून काढावीत. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिल आणि कडेचे फोटो सोबत जोडले आहेत. पदक न्यायला आपलाच कुरिअर पाठवावा.

आपला,
एक ग्राहक, सातारा