काका, तुम्ही टेप घेऊन आलात म्हणून

सुदामानगर, इंदूर

ती. काकांना सा. नमस्कार.

नव्या गाडीच्या पेढ्यांचा पुडा तुम्ही दारातूनच परत केलात. वर, “मी काय गाडी विकली का तुम्हाला?” पत्र मात्र परत करता येणार नाही, आणि ते मी जाहीरच लिहिते आहे. आमच्यासारखी सात माणसांची घरं इथं गल्लोगल्ली आहेत.

आमच्याकडे दोन महिने काय चाललं होतं ते तुम्ही समोरच्या ओट्यावरून ऐकतच होतात. यांना एसयूव्ही हवी होती. उंच बॉनेट, रुबाब, वर सनरूफ. भाऊजी रोज रात्री न्यू जर्सीहून फोनवर एकच सांगत, मिनीव्हॅन घ्या, दारं सरकतात, म्हाताऱ्यांना बरं पडतं. तशी सरकत्या दारांची कियाची कार्निव्हल इथं घ्यायची तर तेव्हा साठ लाखांच्या पुढे! त्यावर तुम्ही म्हणालात, “आपली मिनीव्हॅन ८४ सालीच आली होती की, मारुती व्हॅन.” सगळे हसलो आणि वाद पुन्हा जागच्या जागी.

मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के, मोठीवर ४०. यांनी लगेच छोटी एसयूव्ही काढली, पाच सीटची. तुम्ही एवढंच विचारलंत, “उरलेले दोघं कोण? आत्याबाई आणि कोण?”

रविवारी शोरूमला निघालो तर तुम्ही फाटकात उभे. हातात शिंप्याची टेप. आईंना आणि त्यांच्या वॉकरला सोबत घ्यायला लावलंत, मोठी बॅगही घेतलीत. तीही भरलेली. मला खरं सांगायचं तर लाज वाटली होती. शोरूममध्ये वॉकर नि बॅग घेऊन कोण जातं?

आदल्या दिवशी घरच्या सगळ्या खुर्च्यांची उंची तुम्ही मोजली होतीत, का ते तेव्हा कळलं नव्हतं. ज्या खुर्चीवरून आई कुणाचा हात न धरता उठतात ती २१ इंच. यांच्या आवडत्या गाडीची सीट चांगलीच वर, आणि मध्ये पायरी. आईंनी एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा उचलेना. शस्त्रक्रियेचा गुडघा तो. हँडल धरून त्या तशाच थांबल्या, चेहऱ्यावर हसू ठेवून, आणि सेल्समन सनरूफ उघडून दाखवत होता. तुम्ही त्याला म्हणालात, “भिया, छत बाद में. माताजी को उतारो पहले.”

मग सात सीटची अर्टिगा. आईंनी दाराकडे पाठ केली, बसल्या, मग एकेक पाय आत घेतला. कंबरेच्या उंचीला सीट असली की चढायचंही नसतं आणि बुडायचंही नसतं, हे तुम्ही किती साधेपणानं सांगितलंत. यांनी तेव्हाच मान तुकवली, पण कबूल रात्री केलं.

बॅगेचा तमाशा मात्र मला कायम आठवेल. तिन्ही रांगा उभ्या ठेवून मागे जागा २०९ लिटर, असं माहितीपत्रकात. “लिटर पाण्याचे असतात, बॅगेचे नाही,” म्हणत तुम्ही बॅग आडवी, उभी, तिरकी लावून पाहिलीत. उभी बसली, शेजारी दोन पिशव्या, वॉकर दुमडून वर. यांना सीएनजी हवा होता, पण टाकी त्याच जागेत बसते म्हटल्यावर सीएनजी गेला. पेट्रोलचा खर्च टोचतो, नाही असं नाही.

एसयूव्हीला तुम्ही वाईट म्हणाला नाहीत, हे मला आवडलं. खरगोनकडच्या शेतावर पावसाळ्यात काळ्या मातीत आमची गाडी रुतणार, हे तुम्हीच सांगितलंत. पुढे म्हणालात, “वर्षातून दोन दिवस. तिथं ट्रॅक्टर आहे.” टपावर कॅरिअर लावायचा तुमचा सल्ला तेवढा आम्ही ऐकला नाही. आमच्या पोर्चची कमान ठेंगणी, तुम्हाला माहीतच आहे.

मध्य प्रदेशचं रोडवेज २००५ साली बंद झालं, पण धुळ्याच्या लाइनवर तुम्ही इतकी वर्षं बस चालवलीत ती वाया गेली नाहीत. जेजुरीला निघायच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर यांना दाखवलात: रिकाम्या गाडीला हवा वेगळी, भरलेलीला वेगळी. आम्ही इतकी वर्षं पंपावरचा पोरगा विचारेल ते “तीस” म्हणून मोकळे व्हायचो. तिसरी रांग मागच्या चाकांवर येते, दणके तिथंच जास्त, म्हणून ज्याला गाडी लागते त्याला मधे बसवा. धाकट्याला आईंच्या शेजारी घेतलं. खलघाटला नर्मदा ओलांडली, सेंधवा गेलं, बिजासनचा घाट उतरलो, पिशवी कोरडी! घाटात हे पुटपुटत होते, “ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं.” तुमचंच वाक्य, आता आमच्या घरात ते स्वयंपाकालाही लावतात.

जेजुरीचा गड आईंना झेपणारा नव्हता. पहिल्या पायरीला भंडारा वाहून त्या परत आल्या, आणि आम्ही धावत दार उघडायला पोचेपर्यंत आपल्या आपण आत बसलेल्या. “बघता काय, पाणी द्या,” म्हणाल्या.

त्या रविवारी शोरूममध्ये तुमचे चार तास गेले, दुपारचं जेवण हुकलं, आणि घरी काकूंचं बोलणं खाल्लंत ते वेगळं. काकूंनाही माझा नमस्कार आणि क्षमा.

येत्या रविवारी ओंकारेश्वरला जातो आहोत. बाबा घरीच थांबणार आहेत, म्हणून पुढची सीट तुमची. पोहे-जिलबी वाटेत. सहाला तयार राहा, आणि टेप घरी ठेवा.

आपली,
समोरच्या घरातली सूनबाई