नवशिक्याच्या बॅगेत चौदा काठ्या कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोल्फ शिकू पाहणाऱ्यांसाठी साहित्याची चौकट छापून आली आहे. चौदा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, पूर्ण सेट, अंतर मोजायचं दुर्बिणीसारखं यंत्र, बॅग ढकलायची तीनचाकी, पाणी न शिरणारे बूट आणि सर्वांत महागातले डझनभर चेंडू. शेजारी किमतीही आहेत. बेरीज लाखाच्या बरीच पुढे जाते. मी येरवड्याला उमेदीची सगळी वर्षं कॅडी म्हणून काढली. साहेबलोकांच्या बॅगा उचलल्या, रफमधले, म्हणजे बाजूच्या उंच गवतातले, चेंडू शोधले, कुठली काठी घ्यावी ते सांगितलं आणि ऐकलं नाही तेव्हा गप्प बसलो. आता खांदा साथ देत नाही, म्हणून घरीच काठ्यांच्या ग्रिप, म्हणजे मुठीवरचं रबर, बदलून देतो. ती चौकट वाचून ज्याला मनापासून खेळायचंय तो घाबरून मागे फिरेल, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तो नको ते घेऊन बसेल, म्हणून हे पत्र.

नको ते घेऊन बसलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. मागच्या पावसाळ्याआधी आमच्याच भागातले एक गृहस्थ आले. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या गोल्फपटू आदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हापासून त्यांच्या मुलीच्या डोक्यात गोल्फ बसलेलं. वडिलांनी एका दुकानातून हप्त्यावर अख्खा सेट उचलला होता. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, हातात घेतला तर शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, ‘स्टिफ’ (ताठ) लिहिलेलं. म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने काठी फिरवणाऱ्या गड्यासाठीची शाफ्ट, आणि ती अकरावीतल्या पोरीला! तिच्या हातात ती लवतच नव्हती. चेंडू उठायचा नाही, उठलाच तर उजवीकडे पळायचा. पोरीला वाटत होतं आपल्यालाच जमत नाही. बॅगेतल्या चार काठ्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

चौदा हा आकडा कुठून आला तेही सांगायला हवं, कारण चौकटीत तो जणू किमान गरज असल्यासारखा छापला आहे. चौदा ही वरची मर्यादा आहे. 1930च्या दशकात काही खेळाडू वीसहून जास्त काठ्या घेऊन फिरू लागले. लाकडी शाफ्ट जाऊन लोखंडी आल्या होत्या आणि प्रत्येक अंतरासाठी वेगळी काठी निघाली होती. ओझं कुणाच्या खांद्यावर पडत होतं ते मी सांगायला नको. शेवटी अमेरिकेत 1938 पासून आणि ब्रिटनच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने 1939 पासून चौदाची मर्यादा घातली. पंधरावी काठी बॅगेत सापडली तर ज्या होलवर, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतच्या टप्प्यावर, ती होती त्या प्रत्येकाला दोन फटके दंड, जास्तीत जास्त चार. कमी काठ्या ठेवल्या म्हणून दंड कुठेच नाही. चिक इव्हान्स नावाच्या अमेरिकन हौशी खेळाडूने 1916 साली यूएस ओपन सात काठ्यांवर जिंकली. 286 फटके, आणि सर्वांत कमी फटक्यांचा तो विक्रम पुढे वीस वर्षं टिकला. हा गडीही लहानपणी कॅडीच होता, म्हणून त्याचं नाव मला जरा जास्तच लक्षात राहिलंय.

तर नवशिक्याने काय घ्यावं? पहिले काही महिने 7 नंबरचं आयर्न (मधल्या अंतराची काठी) आणि पटर (चेंडू जमिनीवरून खळग्याकडे ढकलायची काठी), बास. सरावाच्या रेंजवर बादलीभर चेंडू मारायला याहून जास्त काही लागत नाही. मग प्रत्यक्ष कोर्सवर उतरायची वेळ आली की 9 नंबर, पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्याला), सँड वेज (वाळूतून चेंडू काढायला) आणि लांबच्या फटक्यासाठी एक हायब्रिड. सहा झाल्या. सातवी जागा ड्रायव्हरची, पण ती घाईने भरू नका. ड्रायव्हर बॅगेतली सर्वांत लांब काठी, साधारण 45 इंचांची, आणि तिच्या तोंडाला उतार जेमतेम दहा-बारा अंशांचा. 7 नंबरला तीस अंशांच्या आसपास असतो. उतार जितका कमी तितका चेंडूला बाजूचा पीळ जास्त बसतो. मनगट थोडं चुकलं की चेंडू फेअरवे, म्हणजे छाटलेल्या गवताचा पट्टा, सोडून झाडीत. हायब्रिडने तीस-चाळीस यार्ड कमी जाईल, पण सापडेल तरी.

पटरबद्दल मात्र कुणी बोलत नाही. 72 पारच्या, म्हणजे 72 फटक्यांत पुरा व्हावा असं धरलेल्या, कोर्सवर निम्मे फटके, म्हणजे 36, ग्रीनवर, खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, पटिंगसाठी धरलेले असतात. तरी लोक ड्रायव्हरवर पन्नास हजार घालतात आणि पटर म्हणून सेटबरोबर आलेला कुठला तरी वापरतात. पटर कितीही जुना चालेल; फक्त उभं राहून खाली वाकल्यावर डोळा चेंडूच्या वर यायला हवा आणि हात अवघडायला नकोत. हे दुकानात उभं राहून पाच मिनिटांत कळतं, इंटरनेटवर मागवून कळत नाही.

आता जुन्या सेटबद्दल. पुण्या-मुंबईत जुने सेट भरपूर फिरतात. बदली झालेले अधिकारी, परदेशी निघालेली कुटुंबं, गुडघे गेलेले सभासद यांचे सेट चांगल्या अवस्थेत मिळतात आणि नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात पडतात. घेताना मी काय बघतो ते सांगतो. आधी काठी कानाजवळ धरून हलवायची. काठीच्या डोक्यातून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकातून, खडखड आली तर आतला डिंक सुटलाय. मग डोकं एका हातात, ग्रिप दुसऱ्या हातात धरून उलटसुलट पिळायचं. जरासुद्धा फिरलं तर नको. कारच्या डिकीत उन्हाळाभर पडलेल्या सेटची ही खोड हमखास, कारण उष्णतेने चिकटवलेला जोड ढिला होतो आणि एक दिवस फटक्याबरोबर डोकंच चेंडूच्या मागे धावतं. लोखंडी शाफ्ट असेल तर डोक्याजवळच्या काळ्या प्लास्टिकच्या कड्यापाशी गंज बघायचा. ग्रॅफाइटची असेल तर त्यावरून कापूस फिरवायचा. कुठे तंतू अडकला तर तिथे चरा आहे, तिथूनच ती मोडणार. वेजच्या खाचांवरून नख ओढायचं. नख अडत नसेल तर खाचा झिजल्यात, चेंडू ग्रीनवर थांबणार नाही, घसरत जाईल.

ग्रिप कडक झालेली असेल तर घाबरू नका, उलट भाव पाडायला तेवढं निमित्त पुरतं. घामाने आणि उन्हाने रबर चकचकीत होतं आणि मग माणूस काठी गच्च आवळतो. गच्च आवळली की खांदे ताठ, आणि ताठ खांद्यांनी कुणाचा फटका आजवर सरळ गेला नाही. जुनी ग्रिप आकडी ब्लेडने उभी चिरून काढायची, खालची टेप खरवडायची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी टेप लावायची, तिच्यावर आणि ग्रिपच्या आत टर्पेंटाइन ओतायचं आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवायची. मध्ये थांबलात की ती तिथेच बसली म्हणून समजा. सरळ आहे ना ते बघून रात्रभर ठेवायची. सेट जुना असला तरी ग्रिप नवी असेल तर हाताला काठी नवीच लागते.

जुन्या सेटचा एक घोळ सांगून ठेवतो. आपला 7 नंबर मित्राच्या नव्या 7 नंबरपेक्षा दहा-पंधरा यार्ड मागे पडला तर खट्टू होऊ नका. चेंडू लांब जावा म्हणून कंपन्यांनी वर्षागणिक उतार कमी करत आणलाय आणि आकडा तोच ठेवलाय. आजचा 7 नंबर म्हणजे पुष्कळदा पूर्वीचा 6, कधी 5. आणि ज्याच्या मागच्या बाजूला खोबण आहे असंच आयर्न घ्या. पिंग कंपनीचे कार्स्टन सोलहाइम हे मूळचे इंजिनिअर. त्यांनी डोक्याचं वजन मधून काढून कडेला नेण्याची कल्पना रुजवली, त्यामुळे चेंडू थोडा बाजूला लागला तरी काठी हातात कमी फिरते. सपाट पाठीची पातळ ‘ब्लेड’ दिसायला देखणी, पण ती रोज खेळणाऱ्यांनी वापरावी.

चेंडूंवर तर नवशिक्याने पैसे घालूच नयेत. नियमानुसार चेंडू 1.68 इंचांपेक्षा लहान नसावा आणि 1.62 औंसांपेक्षा, म्हणजे 45.93 ग्रॅमपेक्षा, जड नसावा. तेवढं पाळणारा कुठलाही चेंडू चालतो. महागड्या चेंडूचं पातळ, मऊ वेष्टण ग्रीनजवळ पीळ देण्यासाठी असतं, आणि ज्याला अजून चेंडू हवेत उचलता येत नाही त्याला त्याचा काय उपयोग? तळ्यातून काढलेले चेंडू विकत मिळतात, ते घ्या. पाण्याच्या होलवर आपल्या चारशे-पाचशे रुपयांच्या चेंडूचा जीव घाबरा करण्यापेक्षा पन्नास-साठचा मारलेला बरा. हातही मोकळा सुटतो.

हातमोजा एकाच हाताला लागतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या. पावसाळ्यात मात्र दोन ठेवा, कारण ओला मोजा घसरतो. वाळवताना उन्हात टाकू नका, कडक होऊन भेगा पडतात. बुटांचं चौकटीत फारच कौतुक आहे. तळाला रबरी खुंट्या असलेले साधे बूट पुरतात, आणि कोरड्या दिवसांत खेळाचे कुठलेही पकड असलेले बूट चालतात. लोखंडी खिळ्यांचे जुने बूट कुणी फुकट दिले तरी घालून जाऊ नका. ग्रीन खराब होतात म्हणून बऱ्याच क्लबांत ते चालत नाहीत. अंतर मोजायच्या यंत्राचं काय करायचं? आपला 7 नंबर किती यार्ड जातो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला झेंडा 143 यार्डांवर आहे हे कळून काय फरक पडणार!

चौकटीत जे नव्हतंच ते असं: ओला करून कमरेला अडकवायचा टॉवेल, ग्रीनवर चेंडू पडून झालेला खड्डा उचलायची दोन दातांची छोटी चिमटी, चेंडूची जागा दाखवायला एक नाणं, चेंडू वर ठेवायच्या लाकडी टी मूठभर, टोपी आणि पाणी. सगळं मिळून हजाराच्या आत. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल. एप्रिलच्या उन्हात पाण्याशिवाय निघालेल्या साहेबांना मी सावलीत बसवून परत आणलेलं आहे.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की लोकांना अजूनही साहेबी थाट आठवतो. नाशिककरांना तर गोल्फ क्लब म्हटलं की त्या नावाने ओळखलं जाणारं क्रिकेटचं मैदानच डोळ्यांपुढे येतं. पण या खेळात दुसऱ्यांच्या काठ्या उचलणारेच पुढे खेळाडू झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडीच होता. चेंबूरला कोर्सच्या भोवतीच्या वस्तीत पोरांनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या आणि गल्लीत प्लास्टिकच्या चेंडूवर खेळ मांडला. त्यांना चौदांची यादी कुणी दाखवली नव्हती.

म्हणून एक विनंती आहे. आपण पुढच्या एखाद्या रविवारी दुसरी चौकट छापावी, सात काठ्यांची, आणि त्याखाली वाचकांना आवाहन करावं. कितीतरी घरांत माळ्यावर बॅगा धूळ खात पडल्यात. इव्हान्सने आपल्या नावावर आलेल्या पैशांतून कॅडींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू करायला लावली, ती 1930 पासून अमेरिकेत चालू आहे. आपण तेवढं नाही तर निदान माळा तरी रिकामा करू या. सेट आला तर ग्रिप मी बदलून देईन, टेपचे आणि टर्पेंटाइनचे पैसे न घेता. ग्रिपचे मात्र द्यावे लागतील, ते मला परवडणार नाही.

फक्त मोठ्यांची काठी कापून लहान मुलाच्या हाती देऊ नका. बरेच पालक हौसेने सुताराकडून कापून आणतात. लांबी कमी झाली तरी डोक्याचं वजन तेवढंच राहतं आणि आखूड झालेली शाफ्ट आणखी ताठ होते. मूल ती काठी फिरवत नाही, काठीच मुलाला फिरवते. मुलांच्या काठ्या वेगळ्या, हलक्या डोक्याच्या असतात आणि उंचीप्रमाणे मिळतात. दर दोन-तीन वर्षांनी त्या लहान होतात, म्हणून त्या एका घरातून दुसऱ्या घरात जायला हव्यात. आणि डावखुऱ्या मुलाचा सेट कुणाकडे असेल तर आधी कळवावं. आपली गोल्फपटू दीक्षा डागर डावखुरी खेळते हे कळल्यापासून दोन पोरं माझ्याकडे विचारत येतात, आणि तसा जुना सेट काही केल्या मिळत नाही.

आपला,
एक निवृत्त कॅडी
येरवडा, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)