रुपुनुनीच्या माळावरून शमाला

जॉर्जटाउन, गयाना
मार्चअखेर

प्रिय शमा,

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या त्या तंबूवाल्यांनी वाडीत येऊन बैठक घेतली, काजव्यांच्या हंगामात पर्यटकांसाठी तंबू लावायचा करार समोर ठेवला, सरपंचांनी तुला विचारलं "ताई, काय करायचं?" आणि तू तोच प्रश्न उचलून थेट दक्षिण अमेरिकेत माझ्याकडे धाडलास. अगं, मी हिशेब तपासणारी बाई, मला पर्यटनातलं काय कळतंय! पण योग बघ, तुझं पत्र आलं तेव्हा मी नुकतीच रुपुनुनीहून परतले होते, बुटांवरची लाल माती अजून झटकायची होती. तिथे जे पाहिलं त्यातलं बरंच तुमच्या वाडीला लागू पडेल असं वाटतं, म्हणून लांबलचक लिहिते आहे. चहा घेऊन बस.

आधी जागा समजून घे. गयाना म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाहून किंचित मोठा देश, आणि माणसं सगळी मिळून आठ लाखांच्या आसपास. त्यातली बहुतेक समुद्राच्या काठच्या चिंचोळ्या पट्टीत. आपली माणसं इथे १८३८ पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, म्हणून आणली गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं माझ्या ऑफिसात आहेत. फगवा म्हणजे होळी खेळतात, रोटी खातात, पण रुपुनुनीला जाते म्हटल्यावर त्यातल्या निम्म्यांनी "तिकडे काय आहे?" असा चेहरा केला. तिकडे म्हणजे नैर्ऋत्येला, ब्राझीलच्या हद्दीला लागून, गवताचा अफाट माळ आहे, त्यातून वाहणारी रुपुनुनी नदी आहे आणि मकुशी, वापिशाना या मूळ रहिवाशांची गावं आहेत. आणखी दक्षिणेच्या जंगलात वाई-वाई लोक.

विमानाने तासा-दीड तासात पोचता येतं, पण भाडं ऐकून माझ्यातला हिशेबनीस जागा झाला आणि मी मिनीबस धरली. लिंडनच्या पुढे कुठेतरी डांबर संपतं आणि तांबड्या मातीचा रस्ता सुरू होतो. कुरुपुकारीला एसेक्विबो नदी तराफ्यावरून ओलांडायची (आता तिथे पूल होतो आहे). पलीकडे इवोक्रामाचं जंगल लागतं : ३,७१,००० हेक्टर. १९८९ साली तेव्हाचे अध्यक्ष डेस्मंड हॉइट यांनी राष्ट्रकुल परिषदेत ते जगाला देऊ केलं होतं. तासन् तास फक्त झाडं, आणि मग एका वळणावर जंगल अचानक संपतं आणि पुढे क्षितिजापर्यंत गवत. मध्ये मध्ये माणसाहून उंच वारुळं.

पहिला मुक्काम सुरामाला होता. मकुशींचं गाव, पाकाराइमा डोंगरांच्या पायथ्याशी, जंगलाने वेढलेल्या छोट्याशा माळावर. पोचल्यावर पहिलं काम काय, तर वहीत नाव लिहायचं, गावाची फी भरायची आणि मग पुढे. मला आधी वाटलं ही पर्यटनाची टूम असेल. मग कळलं की हा कायदाच आहे. गयानाच्या २००६ च्या अमेरिंडियन (म्हणजे मूळ रहिवाशांच्या) कायद्यानुसार गावाच्या जमिनीत शिरायला बाहेरच्या माणसाला ग्रामपरिषदेची परवानगी लागते. जमिनीची सनद सगळ्या गावाच्या नावावर असते, ती कुणा एकाला विकता येत नाही. प्रमुखाला तोशाओ म्हणतात, तो गावाने निवडलेला. गावची लहान-मध्यम खाण कुणाला करू द्यायची असेल तर गावसभेत हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांशांनी हो म्हणावं लागतं. फार सोवळं चित्र रंगवत नाही हं; जमिनीखालचं खनिज सरकारचंच असतं, आणि मोठ्या खाणीच्या बाबतीत 'सार्वजनिक हित' म्हणून गावाचा नकार बाजूला ठेवायची पळवाट कायद्यात आहे. तरी पाहुण्यांपुरतं बोलायचं तर दार कुणी उघडायचं हे ठरलेलं आहे. आपला वनहक्क कायदा त्याच वर्षीचा, डिसेंबर २००६ चा. आणि आदिवासी भागांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा १९९६ चा. उत्तर रुपुनुनीतल्या गावांनी आपलं विकास मंडळ स्थापलं तेही १९९६ सालीच. म्हणजे कागद तुमच्याकडेही आहेत, शमा. ते ट्रंकेतून बाहेर काढायचे आहेत.

सुरामाचा लॉज गावाचा आहे. मालक गाव, व्यवस्थापक गावातला, स्वयंपाकीण गावातली, वाटाड्या गावातला. माझ्या सवयीप्रमाणे मी पैशांचं विचारलंच. वाटाड्या आणि नावाडी यांना मजुरी, मागणीप्रमाणे शेतकऱ्यांकडून भाजी, फळं, कसावाची भाकरी विकत, आणि उरलेल्यातला वाटा गावाच्या निधीत. कामाच्या पाळ्या लावलेल्या, म्हणजे एकाच घरात सगळं जाऊ नये. भांडणं होत नाहीत का, असं विचारल्यावर बाई हसली आणि म्हणाली, "होतात की, पण सभेत होतात." मला हे उत्तर फार आवडलं.

पहाटे बुरो-बुरो नदीपर्यंत चालत गेलो आणि मग वल्ह्यांची होडी. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, त्याचे वडील बलाटा काढायला जंगलात महिनोन् महिने जायचे. बलाटा म्हणजे एका झाडाचा चीक. पूर्वी त्याचे मशीनचे पट्टे, गोल्फच्या चेंडूंची आवरणं व्हायची. कृत्रिम माल आला आणि तो धंदा बसला. जंगलाची ती सगळी वाट-माहिती डोक्यात घेऊन पुरुष सोन्याच्या खाणीत नाहीतर ब्राझीलमध्ये मजुरीला जाऊ लागले. आता हा माणूस पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतो आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. पण स्वतःचं शेत त्याने सोडलेलं नाही. आठवड्यातले काही दिवस पाहुणे, बाकीचे दिवस कसावा.

कसावा तुला माहीतच आहे, ज्याचा आपला साबुदाणा होतो तो कंद. पण इथला कडू जातीचा, त्यात सायनाइड असतं. बायका तो किसतात आणि मातापी नावाच्या वेताच्या लांबोळक्या पिशवीत भरतात. पिशवी वरून टांगायची, खाली दांडा अडकवून त्यावर बसायचं. पिशवी ताणली जाते, आवळते आणि विषारी रस खालच्या भांड्यात गळतो. उरलेल्या चोथ्याची भाकरी किंवा फारीन, म्हणजे भाजलेला जाड रवा. आणि तो विषारी रससुद्धा टाकत नाहीत बरं का! तास न् तास उकळून त्याचा काळा, दाट कसारीप करतात, त्यात मांस शिजवतात. मी दांड्यावर बसून पाहिलं. बायकांनी माझ्या वजनाबद्दल मकुशीत काहीतरी म्हटलं आणि सगळ्या खदखदून हसल्या. अर्थ विचारला नाही. हे कसावाचं काम पाहुण्यांसाठी मांडलेलं नव्हतं. त्या दिवशी भाकऱ्या करायच्याच होत्या, मी मधे लुडबुडले एवढंच.

तिथून बसने अन्नाई, मग होडीने रेवाला. रेवा आणि रुपुनुनी या नद्यांच्या संगमावरचं गाव. इथली गोष्ट मला तुला मुद्दाम सांगायची आहे. पूर्वी या लोकांचं पोट जंगली जनावरं धरून विकणं, बेसुमार मासेमारी यांवर चालायचं. अरापैमा हा इथला राजा मासा, गोड्या पाण्यातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या माशांपैकी एक; तीन मीटरपर्यंत वाढतो. तो इतका मारला गेला की दिसेनासा व्हायला लागला. त्याची एक अडचण आहे : त्याला हवेतून श्वास घ्यावा लागतो, दर दहा-वीस मिनिटांनी वर यावंच लागतं. भालेवाल्याला तेवढंच हवं असतं. पण त्याच सवयीमुळे तो मोजताही येतो. ब्राझीलच्या मामिराउआ भागातल्या कोळ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून ही पद्धत बसवली : तळ्याकाठी ठरावीक वेळ बसायचं, वर येणारा मासा केवढा, कुठल्या बाजूला गेला हे पाहून एकेक वेगळा ओळखायचा. तिकडचे कोळी इथे शिकवायला आले आणि रुपुनुनीचे लोक मोजायला शिकले. गावांनी मासेमारीचे आपले नियम केले. २००५ साली रेवाने लॉज उघडला, आणि आता परदेशी गळवाले पैसे देऊन अरापैमा पकडतात नि परत सोडतात.

मला खरं सांगायचं तर ते गळाने पकडून सोडणं काही पटलं नाही. मासा दमतो, हौस भलत्याची. मी तसं वाटाड्याला बोलले. तो शांतपणे म्हणाला, "आमचे आजोबा हे मासे मारून विकायचे. आता तो जिवंत सोडतो आणि पैसे आम्हाला मिळतात. तुम्हाला नको तर काठावर बसून बघा." मग काठावर बसले. पाणी उकळल्यासारखं फुगलं, लालसर शेपटी दिसली, मोठ्ठा 'फुस्स' झाला आणि गेला. एवढं पाहायला अर्धा दिवस डासांचे चावे खाल्ले आणि अजिबात वाईट वाटलं नाही.

युपुकारीत केमन हाउस आहे. काळा केमन म्हणजे मगरीचा अमेरिकेतला भाऊबंद, चार मीटर सहज. २००५ पासून गावचीच माणसं रात्री होडीतून जाऊन त्याला फासात पकडतात, मोजतात, खूण करतात, सोडतात. पाहुणे दुसऱ्या होडीतून बघतात. म्हणजे पाहुणा आला नाही तरी करण्यासारखं काम तिथे आहे, हे मला महत्त्वाचं वाटलं. नदीतल्या कासवांची अंडी वाळूतून आणून, पिल्लं जरा मोठी झाली की सोडायचा कार्यक्रमही आहे. वेळासची आठवण झालीच. त्यांना मी सांगितलं की आमच्या कोकणातही कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला माणसं येतात आणि गावातल्या घरांत राहतात, तर एका मुलीने पहिला प्रश्न विचारला : "आणि अंडी खाणाऱ्यांना तुम्ही कसं थांबवलं?" अगदी धंद्यातला प्रश्न.

आता कडू भाग. पाहुणे कमी असतात, फार कमी. मे ते ऑगस्ट पावसात माळाचं तळं होतं आणि रस्ते तुटतात. पाहुण्याने खर्च केलेल्या पैशातला मोठा हिस्सा विमानाला आणि जॉर्जटाउनच्या एजंटाला जातो, गावात पोचतो तो राहिलेला. २०२० च्या साथीत गावांनी स्वतःच वेशी बंद केल्या. शेत आणि नदी होती म्हणून निभावलं, असं सुरामात मला सांगितलं. तरुण मुलांना ब्राझीलच्या हद्दीवरचं लेथेम शहर, ब्राझील, खाणी खुणावतात. २०१९ च्या अखेरीपासून समुद्रातून तेल निघतं आहे, त्यामुळे जॉर्जटाउनही. शिवाय २०२२ च्या करारापासून सरकार जंगलाची कार्बन क्रेडिट्स (जंगल राखून कार्बन साठवून ठेवल्याबद्दलची विकता येणारी प्रमाणपत्रं) विकतं आणि त्यातले किमान १५ टक्के मूळ रहिवाशांच्या गावांना देतं. काही गावांना ही रक्कम लॉजच्या कमाईहून जड असणार. मग पाळ्या लावून खोल्या कोण झाडणार? मी विचारलं, तर त्यावर गावात दोन मतं आहेत एवढंच कळलं. आणि रस्ता डांबरी झाला, पूल झाला की बसऐवजी गाड्या भरभरून येतील. तेव्हा ती नाव लिहायची वही टिकते का, हे बघायचं.

आता तुझ्या वाडीकडे येते. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय : गाड्यांच्या रांगा, हेडलाइट, स्पीकर, आणि काजवे पाहायला आलेल्यांना काजवेच दिसत नाहीत. तंबूवाले तुमच्याकडे त्यासाठीच आले आहेत, तिकडे जागा उरली नाही म्हणून. त्यांना हाकलून दे असं मी म्हणत नाही. पण करार सरपंचांच्या सहीने व्हायच्या आधी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जाऊ दे. एका रात्री किती गाड्या, वेशीवर कोण थांबवणार, दिवे किती वाजता बंद, हे गावाने ठरवावं आणि तंबूवाल्यांनी पाळावं. आणि स्वयंपाकाचं बायकांना विचार, पुरुषांना नको. रोहिणी-मृगाचे दिवस, भाताची रोपं टाकायची घाई. त्यात रात्री अकराला पन्नास माणसांच्या भाकऱ्या कोण थापणार? त्या "या वर्षी दहाच पाहुणे" म्हणाल्या तर दहाच. पहिल्या वर्षी कमाई फुसकी होईल, होऊ दे. भात तर कुठे जात नाही.

मला कराराचे फोटो पाठव, सगळ्या पानांचे, मागच्या बाजूचेसुद्धा. आकडे मी बघते, ते मला येतं. त्यात 'विशेष हक्क' किंवा 'पाच वर्षे' असं काही असेल तर मी वाचेपर्यंत कुणालाही सही करू देऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांना म्हणावं, साबुदाण्याच्या मूळ कंदात विष असतं हे मी उपवासाच्या दिवशी सांगणार नाही.

तुझी,
नीलू

ता. क. : दिवाळीला येते आहे. दोन रात्री तुझ्याकडे राहीन, पण वाडीत जायचं तर आधी विचारून ठेव.