आधी विचारलं त्यांनी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर डॉक्टरांना दाखवायचा विषय काढला की आईला कुकर आठवतो आणि बाबा फोन आईकडे देतात. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आई, तुझ्या बायोप्सीत साधा पॉलिप निघाला, त्या रात्री मी किती दिवसांनी शांत झोपले. पण आधीचे पाच महिने मनातून जात नाहीत. पाळी जाऊन आठ वर्षं झाल्यावर थेंबभर जरी अंगावरून गेलं तरी दाखवायचं असतं, हे शेजारच्या काकूंना तूच सांगितलं होतंस. गौरी-गणपतीपासून तुला त्रास होता, आणि बोललीस संक्रांतीनंतर. दिवाळीत मी आले होते तेव्हा पहाटे पाचला मोरीत तू परकर धूत होतीस, गार पाण्याने, शेजारी मिठाची वाटी. "हळद लागलीय" म्हणालीस. हळदीला मीठ कोण लावतं, आई? मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, पण ते पुरुष. "त्यांच्यासमोर मी कशी..." एवढंच बोलून तू गप्प झालीस आणि मी तुझ्यावर ओरडले. ते चुकलंच माझं. जन्मभर पदर सांभाळलेल्या बाईला हे अवघड जाणारच, त्यात अडाणीपणा कसला?

मग कोल्हापुरात लेडी डॉक्टरची वेळ घेतली, तर मॅडमना ऐनवेळी सिझेरियनला जावं लागलं. आत सर आले. खुर्चीवर बसून आधी म्हणाले, "मावशी, मॅडमना दोन तास लागतील. थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर मी तपासलं तर चालेल का?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. तू तयार होईपर्यंत ते पडद्याबाहेर थांबले. सिस्टर तुझ्या उशाशी उभ्या राहिल्या, चादर गुडघ्यांवर ओढून घेतली, आणि सर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होते. एसटीत तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आधी विचारलं गं त्यांनी." तुझं ते वाक्य मी कितीदा तरी आठवते.

कारण माझ्या बाळंतपणात मी हट्टाने लेडी डॉक्टर निवडली होती. कळा असह्य झाल्या तेव्हा त्याच बाई माझ्यावर खेकसल्या. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तरीही पुढच्या वेळी मी बाईच शोधेन. एका बाईंचा स्वभाव तसा निघाला म्हणून माझा संकोच संपत नाही. बाईला पुरुष डॉक्टर तपासत असेल तर दुसरी बाई हजर हवी असा आग्रह धरायचा हक्क तिला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली काढलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. तो मागताना ओशाळायचं कारण नाही.

आता बाबा, तुमच्याबद्दल. लहानपणी थोरल्या दवाखान्यावरून जाताना तुम्ही मला आनंदीबाईंची गोष्ट सांगायचात. बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत, म्हणून ती मुलगी अमेरिकेला गेली, १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या याच दवाखान्यात, तेव्हाच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डावर तिची नेमणूक झाली, पण रुजू होण्याआधीच १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. सांगताना तुमचा आवाज दाटायचा.

आणि आज तुम्हीच गप्प बसलाय. रात्री चार-चारदा बाथरूमचा दिवा लागतो, लघवीला उभं राहून वाट बघावी लागते, हे मला आईकडून कळतं. आपल्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता त्यांची सून बसते. तिच्याकडे तुम्ही बीपी मोजून घेता आणि उठता. "ती मला काका म्हणते, तिला हे काय सांगू?" बरोबर आहे, नका सांगू. आईचा संकोच खरा, तसा तुमचाही खरा. पुरुषाला लाज नसते असं सगळे धरून चालतात, म्हणून तुम्हाला कुणी विचारतच नाही.

मी विचारलं. कोल्हापुरात मूत्ररोगतज्ज्ञांच्या काउंटरला फोन करून म्हटलं, "पेशंट वयस्कर आहेत, त्यांना पुरुष डॉक्टरच हवेत, सोनोग्राफीलासुद्धा." मला वाटलं, पलीकडची मुलगी काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "चालेल, बुधवारी अकराला आणा." एवढंच. आईसाठी हा फोन मी सप्टेंबरात केला असता तर!

मंगळवारी रात्री मी पोचते. सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते, पण पाणी घरून पिऊन निघू नका, वाटेत हाल होतील. बाटली बरोबर घ्या, दवाखान्यात पोचल्यावर प्या. आई, तूही चल. तुझी मॅडमकडची तपासणी त्याच दिवशी उरकू. सर असले तरी चालेल का, ते तू ठरव. मी तसं काउंटरवर सांगून ठेवते.

तुमची,
सुमा