ती ॲसिडिटी नव्हती

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

शनिवारी फोनवर 'ॲसिडिटी झाली होती' म्हणाले ते खोटं होतं. पत्रात लिहितेय, कारण फोनवर आई मला वाक्य पुरं करू देणार नाही.

शुक्रवारी इथे जपानात ऑफिसातल्यांबरोबर शिमे-साबा खाल्ला. बाबा, साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला, पण कच्चाच. तुम्ही दुसरी प्लेट मागवली असतीत. मीही मागवली. रात्री दोनला बेंबीच्या वर कोणी कपडा पिळावा तशी कळ आली. थांबायची, परत यायची. उलट्याही झाल्या.

सकाळी डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "काल काय खाल्लंत?" साबा म्हटल्यावर लगेच एंडोस्कोपीच. पडद्यावर मीच बघत होते: गुलाबी अस्तरात एक पांढरी शेवई, दोन-अडीच सेंटीमीटरची, एक टोक आत रुतवून वळवळतेय. अनिसाकिस, कच्च्या माशातून पोटात जाणारी अळी. नळीतूनच बारीक चिमटा सोडून तिला ओढून काढलं. दुपारी मला चक्क भूक लागली.

आई, वावडिंगाची पुडी पाठवू नकोस. ही अळी माणसात वाढत नाही, अंडी घालत नाही, म्हणून शौचाच्या तपासणीत काहीच दिसत नाही. काढली नाही तरी काही दिवसांत आपली आपण मरते, पण तोवर जीव नकोसा करते. आतड्यात उतरली असती तर चिमटा पोचला नसता. मग सीटी स्कॅन आणि सलाईन लावून वाट बघणं. सामन माशातून येणारा चपटा जंत निराळा. तो काही मीटर लांब होतो, शौचातून त्याचे तुकडे पडतात, त्याची अंडी तपासणीत सापडतात आणि प्राझिक्वांटेल नावाच्या औषधाने तो जातो. माझा तो नव्हता.

व्हिनेगर, मीठ, वसाबी, कशालाच अनिसाकिस दाद देत नाही. मासा उणे 20 अंशांवर 24 तास गोठवला किंवा 70 अंशांपर्यंत शिजवला की अळी संपली.

तेव्हा बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही इथे याल तेव्हाच्या यादीतला 'कच्चा मासा' मी खोडलेला नाही. गोठवलेला देतात तिथे नेईन. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी, ऐनू लोक, सामन थंडीत गोठवून तसाच खायचे, त्याला रुइबे म्हणतात. मिळाला तर तोही खाऊ. साबा मात्र घरीच, तिखल्यात. आई, तिरफळं आणायची गरज नाही. इथे सान्शो मिळतं, त्याच कुळातलं. वास घेऊन तूच ठरव.

तुमची,
ताई